किल्ला कोरलेला पेन

आप्पा गेल्यावर दादाला आणि मला एकच वस्तू हवी होती : त्यांचा शाईपेन. आप्पा धारूरच्या शाळेत मास्तर. कौतुक केलं तर दात पडतील अशी त्यांना भीती असावी. पण सातवीत माझ्या निबंधाखाली त्यांनी लाल शाईनं ‘शाब्बास पोरी’ लिहिलं होतं. त्या दोन शब्दांवर मी आजवर मिरवत आले, म्हणून पेन मला हवा होता. दादाला का हवा होता? मला हवा होता म्हणून.

पेनाच्या टोपणावर किल्ला कोरलेला. दादा म्हणाला, “परदेशी माल हाय. जर्मनीचा किल्ला दिसतो.”

शेंगा फोडत बसलेली आई म्हणाली, “आपलाच हाय की. दारातनं बघ, दिसतोय.”

दादाचं तोंड एवढंसं झालं. मी शाईपेनच्या हौशी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. दोन दिवस नुसते अंगठे आले. मग एकाच्या मामांकडे तसाच पेन निघाला. मामाही त्याच शाळेत होते. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला फक्त शिक्षकांसाठी मुद्दाम बनवून घेतलेले हे पेन, दुकानात कधी आलेच नव्हते. मला ठेंगणं झालं आभाळ.

पेन धुतला तर लाल पाणी निघालं. निळी शाई भरून लिहायला बसले, तर निब खरखरू लागली. दादानं तर कागदच फाडला. ग्रुपवरच्या एका जाणकारानं निबचा जवळून फोटो मागवला आणि कळवलं, ही निब डावखुऱ्या माणसाच्या हातानं झिजलीय.

आप्पा उजवे होते. खात्री करायची असेल तर दादाच्या डाव्या गालाला विचारा.

आम्ही दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं. आजही ती शेंगाच फोडत होती, डाव्या हातानं.

“कावून बघायलात असं? त्यांना चार पेपर झाले की डुलकी लागायची. गठ्ठे मीच तपासायची.” तिनं पेन घेतला आणि वर्तमानपत्राच्या कडेला सवयीनं लिहिलं, ‘शाब्बास’. निब गुमान चालली. त्या ‘श’ची गाठ मी कुठंही ओळखली असती.

मी विचारलं, “आणि माझा सातवीतला निबंध?”

“त्यो व्हय? तुझ्या आप्पांनी वाचला अन् म्हणले, ‘बरा’ असं लिव.” आईनं टोपण लावलं. “मला लई आवडलता.”

दादा जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी चहा ठेवायला उठला. मी आप्पांवर चहा होईपर्यंत रुसले. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, आणि बरं वाटलं. पेन कुणाचा हा वाद तिथंच मिटला.

हे सगळं लिहून काल आईला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावला, पेन काढला आणि मला लाल शाई आणायला पिटाळलं.