डाव्या बाजूचं वजन

मी फिजिक्स शिकवतो. एकवीस वर्षं झाली. घर्षण, वजन, स्प्रिंग हे माझे रोजचे विषय, म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते. अंगात येणं, भास, असल्या गोष्टींची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल केली आहे. तरीही लिहितोय, कारण आईला आणि गाडीच्या मेस्त्रीला सोडून कुणालाच हे माहीत नाही.

आमचं घर धारवाडला, माळमड्डीत. अप्पा वकील. नव्वद सालाच्या सुमारास त्यांनी एका निवृत्त मेजरकडून जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, लाल. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी माझ्या हाती आली. मी हुबळीच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो. सकाळी अप्पांना कोर्टाशी सोडायचं आणि पुढे हुबळी, असा क्रम.

२००४ साली मला गाडी खाली करायचं खूळ लागलं. मासिकातले फोटो बघून... दुसरं काय! हुबळीत गोकुळ रोडला दादापीर मेस्त्रीचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "ब्याड्री सर, नको. स्प्रिंग कापली की खड्ड्यात मार खाते. आणि मोठ्या साहेबांना बसाय-उठाय जमायचं नाही. विचारलं त्यांना?"

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणालो.

साफ खोटं.

त्याने चारही स्प्रिंगांचं दीड-दीड वेटोळं कापलं. गाडी चार बोटं खाली बसली. दिसायला झकास! फक्त एक झालं — अप्पा चांगले नव्वद किलोचे, ते शेजारी बसले की डावीकडचं पुढचं चाक मडगार्डला घासायचं. खर्र... खर्र... दुसरं कुणी बसलं तर नाही. 

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी उतरताना अप्पा पडले. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली, गुडघ्यांनी साथ दिली नाही. दोन ज्युनियर वकिलांनी धरून उठवलं. कोटाची धूळ झटकत अप्पा हसले. मला म्हणाले, "जा तू. उशीर होतोय तुला."

दुसऱ्या दिवसापासून ते रिक्षाने जाऊ लागले. "तुला उलटं पडतं रे," म्हणाले. कोर्ट वाटेतच होतं! मला ते कळत होतं. तरी मी "बरं" म्हणालो.

चार महिन्यांनी रिक्षातच त्यांना अटॅक आला. रिक्षावाला बिचारा नवखा, त्याला वाटलं साहेबांना झोप लागली. तो कोर्टापर्यंत घेऊन गेला. मी त्या वेळी हुबळीच्या रस्त्यावर होतो, एकटा, शेजारची सीट रिकामी.

तेरावा झाल्यावर पहिल्यांदा गाडी काढली. गल्लीतून बाहेर पडलो आणि डावीकडून आवाज... खर्र... खर्र.

टायर बघितला, काही अडकलेलं नव्हतं. पुन्हा निघालो, पुन्हा आवाज. सुभाष रोडवर गर्दीत थांबलो की बंद, हललो की सुरू. कोर्टाचं फाटक आलं, मी सवयीने थांबलो. तिथून पुढे हुबळीपर्यंत काही नाही.

रोज असंच. फक्त सकाळी, फक्त घर ते कोर्ट.

शेवटी दादापीरला घरी बोलावलं. त्याने गाडी जॅकवर घेतली, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग म्हणाला, "तुम्ही चालवा, मी स्कूटरवर मागनं बघतो." कोर्टाशी पोचल्यावर तो खिडकीशी आला. चेहरा उतरलेला.

"सर, गाडी डावीकडे दबलीय. शेजारी कोण बसल्यागत. इथं थांबल्यावर वर आली... मी बघितलो." जरा थांबून त्याने विचारलं, "मोठ्या साहेबांना खरंच विचारला होता काय?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्याने एकदा गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या नजरेपेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. घाबरली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "रिक्षाची वाट बघत ते आपल्या घराच्या फाटकात उभे असायचे. तू हॉर्न वाजवून जायचास. त्यांना वाटायचं, आज तरी थांबशील." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

त्याच आठवड्यात नव्या स्प्रिंगा घातल्या. गाडी होती तेवढी उंच झाली. सकाळी डावं दार उघडलं आणि उभा राहिलो. शेजारी बघत असतील, बघू देत. चांगला मिनिटभर थांबून, हळूच दार लावून निघालो.

आवाज नाही.

उंच गाडीचं चाक घासणार नाही, एवढं फिजिक्स मलाही येतं. म्हणून दादापीरला पुन्हा मागे ठेवलं होतं. कोर्टाशी तो खिडकीत वाकला.

"सरळ आहे सर. कोणी नाही."

त्यानंतर सहा वर्षं गाडी वापरली, मग विकली. पुन्हा कधी काही झालं नाही. ते काय होतं, आजही मला सांगता येत नाही. लोक म्हणतील, बरं झालं, सुटलास. पण तीन आठवडे रोज सकाळी ते वजन माझ्या शेजारी होतं आणि मी खाली वाकून टायर तपासत बसलो. "माफ करा, अप्पा," एवढं एकदा म्हणायचं होतं. ते काही मी म्हणालो नाही.