गोकुळाबाईचा बासी भात

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात बोलवा होती की गोकुळाबाई पावडर पिते. तिचा पोरगा हेमराज विकतो तीच, लाल डब्यातली. नाहीतर साठी उलटलेली बाई चिखलात वाकून तरण्या पोरींच्या पुढे धानाची रोवणी काढते, हे व्हावं कसं?

ही बोलवा साफ खोटी होती, आणि ती उठवली होती खुद्द हेमराजने.

खरं असं, की गोकुळाबाई रात्रीच्या उरल्या भातात पाणी घालून ठेवते. सकाळी तो आंबूस झालेला बासी भात, मीठ, कांदा, जवसाची चटणी, जमलं तर भाजलेले झिंगे. एवढं पोटात गेल्याशिवाय ती धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय घालत नाही. दुपारी जेवली की मोहाच्या सावलीत तोंडावर पदर घेऊन घोरते. मालक येऊन खाकरला तरी उठत नाही. दिवे लागले की निजते. सोबतच्या सुकरीने कधी विचारलं तर म्हणायची, "बैलाले चारा नाई टाकला, तं तो वढन का वं?"

हेमराजला मात्र गळ्यात टाय अडकवली की वेगळीच जीभ फुटे. "मित्रांनो, थकवा हा आपला शत्रू आहे. चला, ऊर्जेचे मालक बनूया." घरी टाय सुटली की, "माय, कालवण उरलं का?" तळ्याच्या मासेमारीतला वाटा त्याने सोडला, जाळी विकली, डबे आणले. डबे खाटेखालून हलेनात. मग तालुक्याच्या गावी, सावलीला, कंपनीची सभा ठरली.

"माय, स्टेजवर येजो. एकच गोष्ट सांगजो, हे ताकद पावडरची हाय."

"मी तं चाखली बी नाई."

"ते कोणाले मालूम हाय?"

"मले हाय ना."

हेमराज उठला नाही, ओरडलाही नाही. "ठीक हाय. मंग दिवाळी झाली का मी जातो तेलंगणात, मिरची तोडायले."

तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला. त्याचा बाप असाच मिरची तोडायला गेला होता. परत आला तो टेम्पोत, चादरीत गुंडाळलेला. पोराने नेम धरूनच त्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, हे तिला कळलं. आणि तो खरंच जाईल, हेही कळलं.

सभेत तिने माइक मडकं धरावं तसा दोन्ही हातांनी धरला. "मी गोकुळा. मी रोज पावडर पेतो. म्हणून मले वाकनं जमते." टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमराज रडला, खरा रडला.

गावात डबे उचलले गेले. बासी भात म्हणजे गरिबाचं खाणं, पावडर म्हणजे गोकुळाबाईची ताकद. बायका सकाळी नुसती पावडर पिऊन बांधीत उतरू लागल्या. एके दिवशी ऊन वर यायच्या आत सुकरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बांधीच्या धुऱ्यावर बसली. गोकुळाबाईने आपली भाताने भरलेली गंजी तिच्यापुढे सरकवली.

"खाय."

"काऊन? मी पावडर पेऊन आलो ना. तुह्यावालीच."

गोकुळाबाईने गंजी तिच्यापुढेच राहू दिली आणि पुन्हा वाकून धानाचे परे रोवू लागली.

हे मी ऐकलं, कारण शर्त हरल्यामुळे त्या दिवशी मीही गुडघाभर चिखलात होतो. सभेला निघताना मी तिला छेडलं होतं, "काकी, तुमच्याच्यानं खोटं बोलनं होतच नाई. शर्त लावतो." चप्पल शोधता शोधता ती म्हणाली होती, "लाव पोट्ट्या. हरला तं एक दिवस माह्यासंग रोवणीले येजो."

सांजेला माझी कंबर सरळ होईना. "जितलो रे मी," असं म्हणत तिने पायांचा चिखल धुतला. गावभर मी सगळ्यांचे हुबेहूब आवाज काढतो, पण ते तीन शब्द तिने ज्या आवाजात म्हटले, तो मला अजून काढता आलेला नाही.