पाणी सोडल्याचा निरोप

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला तेव्हा आठ दिवसांनी नळ यायचा. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, आणि स्टेशनच्या बाजूला रोज नव्या इमारती उठत होत्या. पाणी सोडणारा माणूस आमच्या ह्यांच्या मोबाईलवर स्वतःच्या आवाजात निरोप भरून पाठवायचा. ते तोच निरोप गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे. रिटायर झाल्यापासून एवढंच काम त्यांच्याकडं राहिलं होतं.

मग ते विसरायला लागले. चहा पिऊन परत चहा मागायचे. डॉक्टर म्हणाले, "मोबाईल काढून घेऊ नका. हाताळतील तोवर डोकं चालू राहील." मी चौथी शिकलेली. सगळ्या औषधांत हे एकच मला नीट समजलं.

एका सकाळी त्यांनी मागच्या आठवड्याचाच निरोप परत टाकला. नळ येणार म्हटलं की आमच्यात शिळं पाणी ओतून ड्रम घासून ठेवतात. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं ओतलं. मोरीतून पाणी वाहून गेलं. नळ आला तो तिसऱ्या दिवशी.

शेजारीण दारात आली. "काकू, काका लई चांगले हायेत. पण लेकरांना घोटभर पाणी ठिवलं नाय त्यांनी."

मी पदर धरून उभी राहिले. संध्याकाळी गल्लीनं त्यांना ग्रुपमधून काढलं. पाणी सोडणाराही दुसऱ्या घरी निरोप देऊ लागला.

तेव्हापासून ते मोबाईल मांडीवर घेऊन बसायचे. "अगं, निरोप आला का?" दहा मिनिटांनी परत तेच. रोज थोडं थोडं माणूस कमी होत होतं, आणि मी नुसती नाही म्हणत होते.

मुलाचा जुना मोबाईल कपाटात पडून होता. त्यावर बोलून कसं पाठवायचं, ते लाज सोडून त्याच शेजारणीकडून शिकले. नळ आला त्या दिवशी मोरीत जाऊन दार लावलं. तीनदा बोलले, तीनदा पुसलं. शेवटी त्यांच्या मोबाईलवर पाठवलं, "पाणी सोडलंय. भरून घ्या."

बाहेर आले तर ते मोबाईल कानाला लावून ऐकत होते. परत लावला, परत ऐकला.

"बाई हाय कुणीतरी," ते म्हणाले. "नवीन दिसती. लई भीत भीत बोलती. तू वळखतीस का?"

चाळीस वर्षं याच आवाजानं मी त्यांना जेवायला हाक मारली होती.

"नाही," मी म्हणाले, आणि नळाखाली हंडा लावला.