चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत

फ्रीगंजातल्या आमच्या भाड्याच्या घराची छत आणि शेजारच्या घराची छत यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. माहेरी सांगलीला मी गच्ची म्हणायची. लग्न होऊन उज्जैनला आले आणि वर्षभरात माझ्याही तोंडी छत बसली. नवरा बँकेत होता, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. भिंतीपलीकडच्या बाईला मी भाभी म्हणायची आणि ती मला दीदी. ती मूळची कानपूरकडची. तिचा नवरा इथल्या कापडाच्या मिलमध्ये लूमवर होता.

आमची खरी ओळख झाली ती उपासामुळे. कोजागिरी झाली की चौथ्या दिवशी माझी संकष्टी आणि तिचा करवा चौथ एकाच संध्याकाळी यायचे. आमचा अश्विन संपायचा असायचा आणि तिच्या पंचांगात कार्तिक लागलेला असायचा. पहिल्या वर्षी यावरून आम्ही छतीवर बराच वाद घातला. शेवटी तीच म्हणाली की महिना कुठला का असेना, उपाशी दोघी आहोत आणि वाट एकाच चंद्राची बघतोय.

माझा उपास तसा नावाचाच. चहा चालायचा, साबुदाण्याची खिचडी चालायची. ती मात्र पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. दिवे लागले की हातावर मेंदी, नवी साडी, पाण्याने भरलेला मातीचा करवा आणि पिठाची चाळणी घेऊन वर यायची आणि भिंतीला टेकून बसायची. ओठ कोरडे पडलेले असायचे. तिचं मन रमावं म्हणून मी तिला तारे दाखवायला लागले. मला ते माझ्या वडिलांनी दाखवले होते.

अश्विनातलं आकाश दाखवायला सोपं. पाऊस धूळ धुऊन गेलेला असतो आणि थंडीचा धूर अजून साचलेला नसतो. पश्चिमेला अभिजित आणि श्रवण उतरणीला लागलेले असतात. पूर्वेकडे वर भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो. भाभी त्याला खाट म्हणायची. दक्षिणेला खाली, जवळपास कोणी नसलेला एक ठळक तारा असतो, तो दिसला की तिला त्याची दया यायची. आणि पूर्वेला घरांच्या मागून कृत्तिकांचा पुंजका वर आला की मी म्हणायची, आता फार वेळ नाही. तसंच व्हायचं. थोड्या वेळाने खालचं आभाळ पिवळं व्हायचं आणि चंद्र यायचा. खालून तिचा नवरा धावत वर यायचा. ती चाळणीतून आधी चंद्राकडे, मग त्याच्याकडे बघायची, आणि तो तिला पाणी पाजायचा. तो लाजरा माणूस होता. माझ्यासमोर त्याला फार संकोच व्हायचा, म्हणून मी माझं अर्घ्याचं ताम्हन घेऊन छतीच्या दुसऱ्या टोकाला जायची.

अशी बरीच वर्षं गेली. गल्लीत एका घरावर केबलची डिश आली, कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान आलं, आमच्याकडे रंगीत टीव्ही आला. आणि मिलचा भोंगा थांबला. आधी एक पाळी बंद झाली, मग वीज तोडली, मग दरवाजाला कुलूप लागलं. भाभीचा नवरा रोज सकाळी आंघोळ करून, डबा न घेता, मिलच्या दारापर्यंत जाऊन यायचा. तिथे त्याच्यासारखे पुष्कळ जण उभे असायचे.

कोणीतरी भाभीला सांगितलं की नवऱ्याला साडेसाती आहे. त्या वर्षी शनी संध्याकाळीच पूर्वेला दिसत होता. मी तो तिला दाखवला तेव्हा तिने आधी पदर डोक्यावर घेतला. मग बराच वेळ बघून म्हणाली, “दीदी, ये तो चुपचाप बैठा है. इसने क्या बिगाड़ा होगा हमारा?”

मी तिला सांगितलं की दुर्बिणीतून त्याच्याभोवतीची कडी दिसतात, फार देखणा दिसतो तो. तेव्हापासून तिला शनी दुर्बिणीतून बघायचाच होता. गावातल्या जुन्या वेधशाळेत संध्याकाळी दुर्बिणीतून आकाश दाखवत असत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोने गेलो. ती एरवी देवळाशिवाय घरातून बाहेर पडायची नाही. त्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि टेम्पोत सारखी हसत होती.

रांग मोठी होती. शाळेची पोरं, पर्यटक, नदीवरच्या राम घाटावरून आलेले यात्रेकरू. आम्ही रांगेत असतानाच नैऋत्येकडून ढग यायला लागले. पाऊस परतून गेला असं सगळे धरून चालले होते. आमच्या पुढच्या माणसाने डोळा लावला, वाह म्हणाला, आणि तो बाजूला होईपर्यंत शनी गेला. दाखवणाऱ्याने दुर्बीण इकडे तिकडे फिरवून पाहिली. आम्ही खूप वेळ थांबलो. शेवटी त्याने झाकण लावलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

परत येताना मी म्हटलं, येऊ की पुन्हा, शनी कुठे पळून जातोय. ती म्हणाली, “वो तो नहीं जाएगा, दीदी.”

तिला तेव्हा ठाऊक होतं. मला दोन दिवसांनी कळलं. सुरतला गाववाल्याने कामाचं बघितलं होतं, आणि कोजागिरीच्या आतच तिचा नवरा निघून गेला.

त्या चतुर्थीला ती एकटीच वर आली. चंद्र आला तेव्हा चाळणी तिच्या हातात तशीच राहिली. मग आम्ही दोघी खाली कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेलो. सुरतच्या कारखान्याशेजारच्या पानवाल्याचा नंबर होता. तो लागत नव्हता. दुकानात पुरुष बसलेले, आणि ही मेंदीच्या हाताने रिसीव्हर कानाशी धरून उभी. खूप वेळाने लागला. पलीकडून नवरा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त हां, हां म्हणाली. रिसीव्हर ठेवल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी दुकानदाराकडून पेला मागून तिला पाणी दिलं.

तिच्या मुलांच्या परीक्षा झाल्यावर तीही गेली. त्यांच्या जागी औषधं विकणारा एक तरुण आला, आणि पुढे घरमालकाने त्या छतीवर दोन खोल्या चढवल्या. आमची पूर्व गेली. चतुर्थीचा चंद्र आता त्या खोल्यांच्या टाकीवरून उशिरा यायचा.

काही वर्षांनी एका दुपारी ती अचानक दारात उभी राहिली. नात्यातल्या कोणाच्या अस्थी घेऊन ती मंडळींबरोबर आली होती, आणि त्यांना घाटावर सोडून धावत माझ्याकडे आली होती. वाळली होती, केस पिकले होते. मी चहा केला, पोहे केले. ती मुलांचं सांगत होती, मी माझ्या मुलीच्या कॉलेजचं. किती बोलू आणि काय विचारू असं झालं होतं मला. शेवटी मी विचारलं, तिकडे चौथ करतेस ना?

“करती हूँ,” ती म्हणाली. “वहाँ चाँद दिखता ही नहीं, दीदी. बिल्डिंग से बिल्डिंग लगी है. टीवी में बोल देते हैं कि निकल आया, तो पानी पी लेते हैं.”

मी तिला रात्री राहायचा आग्रह केला. नवऱ्याची रात्रपाळी होती, सकाळी त्याला घरात गरम जेवण लागायचं, म्हणून ती थांबेना. देवास गेटच्या बसस्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिची माणसं आधीच गाडीत बसली होती. तिला खिडकीची जागा मिळाली नाही. आतल्या गर्दीत तिचा हात एकदा वर झालेला दिसला, आणि बस वळून गेली.

तिचा पत्ता घ्यायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.