धामापूरकरांचं नाव घ्यायचं नाही!

आता काय सांगू राव, मी दिलेला शब्द पाळतो, हीच माझी खोड! एकदा असा पाळला की एका भल्या नटाचं वाटोळं केलं. चहा ओता, सांगतो.

नवं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी! रोज एक नवा साहेब उतरायचा आणि अख्खं गाव त्याच्यामागे अर्ज घेऊन धावायचं. मी सरकारी कारकून आणि शंकर नगरातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचा सचिव. आम्ही बोलावला नट, तोही धामापूरकर घराण्यातला! आजोबा रंगभूमीचे सम्राट, वडील सिनेमाचे हीरो. हा अविनाश स्वतः वीस वर्षं नाटकात. पण कायम दाढी चिकटवून, त्यामुळे रस्त्यात कुत्रंसुद्धा ओळखेना. सभासदांना मी फक्त 'मोठे पाहुणे' एवढंच सांगितलेलं. नाव सरप्राइज!

स्टेशनवर उतरताच त्यांनी माझा हात धरला.

"सचिव, एकच विनंती. आजोबा-वडिलांचं नाव घेऊ नका. आयुष्यात एकदा तरी टाळ्या माझ्यासाठी पडू देत."

डोळे ओले हो त्यांचे! मी शब्द दिला.

हॉलवर जाऊन, सरप्राइज म्हणून झाकून ठेवलेल्या फळ्यावरचं आडनाव पुसलं. भिंतीवरचा आजोबांचा फोटो काढून न्हाणीघरात उभा केला. पण रेल्वेत नोकरीला असलेल्या वानखेडेकाकांनी फळा आधीच चोरून वाचलेला! दारातच ओरडले, "अरे, हा त्या धामा—" मी त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"काहून बे? शुगर आहे ना मले!"

"काका, गिळा!"

मग मी माइक धरला. नाटक म्हटलं की घराणं निघणार, म्हणून नाटकही गाळलं! म्हणालो, "हे अविनाशजी. कष्टाळू माणूस! कुणाच्या वशिल्यानं वर आले नाहीत. खास मुंबईहून आपल्या नव्या राजधानीत आले आहेत."

काय टाळ्या पडल्या! अविनाशजींचा चेहरा असा खुलला की बस.

इकडे खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू. "नवे साहेब दिसून राहिले!"

"हव! मोठे साहेब!"

आणि रांग लागली. लोक पाया पडताहेत, हातात कागद देताहेत. रांगेत तिसरी कोण? आमची बायको!

"चाहत्यांची पत्रं?" अविनाशजींनी हळूच विचारलं.

"प्रेम आहे सर लोकांचं!" मी म्हणालो. मला तरी कुठे ठाऊक?

"साहेब, आमच्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात नळ नाही जी!"

"साब, मेरा सस्पेंशन वापस ले लो!" एकानं तर पायाला मिठीच मारली. सोडेना! अविनाशजी एका पायावर नाचत माइकपर्यंत पोचले आणि किंचाळले, "अहो, मी साहेब नाही! मी नट आहे! नानासाहेब धामापूरकरांचा सख्खा नातू!"

हॉल थरारला. दुप्पट टाळ्या! सगळ्या आजोबांना.

"मी तेच सांगून राहिलो होतो ना बे पोट्ट्या!" वानखेडेकाका.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी हात जोडून उभा. गाडी हलली तेव्हा अविनाशजींनी खिडकीतून फक्त एक कागद दिला. अक्षर बायकोचं.

'आमच्या यजमानांची बदली बस्तरला करावी. जितकं आत, तितकं बरं.'

खाली शेरा होता, 'अत्यंत निकडीचं. जोरदार शिफारस करतो.' आणि सही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, ठसठशीत आडनाव; आणि वजन कमी पडू नये म्हणून कंसात आजोबांचंही!