उज्ज्वलाच्या वर्गातली माझी मुलगी

उज्ज्वला गेल्याची बातमी मला गौरीकडून कळली. गौरी म्हणजे माझी मुलगी, पुण्यात शिकते. उज्ज्वला राहायची इथेच मलकापुरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, आणि ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अठरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तरी सकाळी फोन आला तो पुण्याहून. "आई, मॅडम गेल्या. हार्ट अटॅक..." आणि माझ्या मनात आधी काय आलं सांगू? हिला माझ्याआधी कसं कळलं! चार महिने होऊन गेले, अजून लाज वाटते.

मी फिजिक्स शिकवते, ती गणित. संग्रामपूरकडची, वर्गातही घरच्यासारखंच वऱ्हाडी बोलायची. मी शुद्ध बोलायचे, नेटक्या नोट्स द्यायचे, आणि मुलं मात्र तिच्यामागे. शेजारच्या सिनियर कॉलेजात खेटे घालून तिने परवानगी मिळवली. बारावीच्या मुलांनी शनिवारी दुपारी पदवीच्या पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर शिकायचा, परीक्षा द्यायची. पास झाली तर चार क्रेडिट्स त्यांच्या नावावर, पुढे पदवीला धरली जाणार. हे मला का सुचलं नाही, म्हणून मी आठवडाभर धुमसत होते. "बोर्डाचं वर्ष आहे, मुलांचं नुकसान होईल," असं स्टाफरूममध्ये सांगत फिरले. ती भुईमुगाच्या शेंगा आणायची. प्रत्येकाने शेंगेतले दाणे मोजायचे, सरासरी काढायची आणि मग खाऊन टाकायचे. भिंतीपलीकडे माझ्या लॅबमध्ये ते हसणं ऐकू यायचं. गौरी तेव्हा बारावीला, त्याच वर्गात; तिचं हसू वेगळं ओळखू यायचं. घरी माझ्यासमोर पुस्तक उघडलं की तिला जांभया. शिवाय बोलायलाही लागली उज्ज्वलासारखी, 'मले' नि 'तुले'.

संख्याशास्त्राच्या परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती. मी तो कपाटात टाकला आणि विसरल्याचं सोंग केलं. शेवटच्या दिवशी उज्ज्वला घरी आली. बसलीसुद्धा नाही.

"शुभा, सही काऊन अडवून ठेवली वं? पोरगी तुयीच हाय. मी काई तिले घेऊन नाही चालली."

मी सही केली. ही गोष्ट तिने गौरीला कधीच सांगितली नाही... तेही मला टोचलं. मोठेपणासुद्धा तिच्याच वाट्याला गेला.

गौरी पास झाली. पुण्याच्या कॉलेजने क्रेडिट्स धरली, त्यामुळे संख्याशास्त्राच्या तासाला तिला बसावं लागत नाही. बुधवारी अकरा ते बारा ती मोकळी असते. उज्ज्वलाची तेरवी झाल्यावरच्या बुधवारी बरोबर अकराला तिचा फोन आला. एरवी मी केला तरच आमचं बोलणं व्हायचं. मी हरखलेच.

"या तासाले मी मॅडमले फोन करत होती," ती म्हणाली. "दर बुधवारी. आता कोणाले करू वं आई?"

गेलेल्या बाईचाही हेवा करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. गौरीच पुढे म्हणाली,

"तू बोल ना. मॅडम वर्गातलं सांगत."

आता टाइमटेबल बदलून मी तो तास मोकळा करून घेतला आहे. अकराला स्टाफरूममध्ये, उज्ज्वलाच्या रिकाम्या टेबलाशेजारी बसून मी वर्गातल्या गमती सांगते. सांगायला काही हवं म्हणून हल्ली मुलांशी जरा जास्तच बोलते. गौरी हसते. फोन ठेवताना कधी कधी सवयीने म्हणून जाते, "ठेवते, मॅडम."

मी तिला टोकत नाही.