चिठ्ठीत न आलेली जेठाणी

मागच्या सोमवारी पिंप्राळ्यातल्या एका ओट्यावर माझा प्रयोग बिघडायला सुरुवात झाली.

मी मजुरी आणि रोजगार यांवर संशोधन करते. काम शोधणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना आम्ही योग्य कारखान्याशी जोडून देतो, बाकीच्यांना तुलनेसाठी तसंच ठेवतो. कोण कुठल्या गटात, ते कंप्युटर ठरवतो... चिठ्ठी काढल्यासारखं.

रेखाताईंची चिठ्ठी निघाली. डाळमिलमध्ये पॅकिंग, घराजवळ, पगार बरा. त्यांची पहिलीच नोकरी. मला वाटलं, निदान चहा तरी मिळेल.

त्यांनी विचारलं, "आनि शोभाताई?"

शोभाताई त्यांच्या जेठाणी, म्हणजे मोठ्या जाऊबाई. त्या दुसऱ्या गटात होत्या. सासूबाई आतूनच बोलल्या, "दोन्ही जातीन ते जाऊ दे. एकली नको."

मी नियम समजावला. रेखाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. काम त्यांना हवं होतं, ते दिसत होतं. शोभाताई भांडी घासता घासता म्हणाल्या, "तुना कंप्युटरले जेठाणी नही का वं माय?"

सगळ्या हसल्या. मीही, जरा उशिरा.

मिलवाले दुसऱ्या दिवसापर्यंतच थांबणार होते. शोभाताईंसाठी शब्द टाकणं मला शक्य नव्हतं... गट बदलला की प्रयोगाला अर्थ राहत नाही.

मंगळवारी मिलच्या गेटवर दोघी डबे घेऊन उभ्या. रेखाताई सुपरवायझरला सांगत होत्या, "नाना, ही मनी जेठाणी शे. ही नही ते मी बी नही."

नानांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "भांडणं घरी ठेवा मग," म्हणाले, आणि दोघींना आत घेतलं.

संध्याकाळी मी प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांना फोन केला. चूक माझी होती. इथे घर हो म्हणतं तेव्हा बाई कामाला निघते, आणि मी चिठ्ठी घराऐवजी बाईच्या नावाने काढली होती. सर म्हणाले, दोघींना विश्लेषणातून वगळ.

वगळलं.

काल शोभाताईंनी भरीत-भाकरीचा डबा हातात दिला. "मनी नोकरी तुनामुळे," म्हणाल्या. तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे. त्यांना काम रेखाताईंनी मिळवून दिलं, मी फक्त नियम सांगत होते.

पण मी दुरुस्ती केली नाही... डबा घेतला.